उसनवारीचं मंत्रिमंडळ: २०२० सालचं एक प्रकरण, इंदुरातून पाहिलेलं

भंवरकुव्यापाशी एका क्लासमध्ये मी राज्यसेवेच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना राज्यघटना शिकवतो. कलम १६४ आलं की पुस्तक मिटतो आणि आपल्याच राज्यातलं २०२० सालचं प्रकरण फळ्यावर मांडतो. वर्गात सागर, मुरैना, खरगोन अशी कुठकुठची मुलं असतात. त्यातल्या बऱ्याच जणांना त्या वर्षाचं एवढंच आठवतं की शाळा बंद होती. मंत्रिमंडळ होतं की नव्हतं याची चौकशी तेव्हा मोठ्यांनीही केली नव्हती. आमच्या रामबागेत चौकशी एकच होती: उद्या दूध येणार का?

प्रकरणाचा सांगाडा असा. २३ मार्च २०२० च्या रात्री शिवराजसिंह चौहान यांनी मुख्यमंत्री म्हणून चौथ्यांदा शपथ घेतली, आणि ती एकट्यानंच घेतली. पुढचे २९ दिवस राज्यात मुख्यमंत्री होते, मंत्री एकही नव्हता. २१ एप्रिलला पाच मंत्री आले. ते पाच जणांचं मंत्रिमंडळ ७२ दिवस टिकलं. २ जुलैला आणखी २८ जणांचा शपथविधी झाला, तेव्हा एकूण मंत्र्यांपैकी १४ जण विधानसभेचे सदस्यच नव्हते. नोव्हेंबरात मतदारांनी त्यांचा हिशेब केला.

मंत्रिमंडळ राज्य चालवण्यासाठी असतं असं आपण नागरिकशास्त्रात घोकतो. हे मात्र देणी फेडायला बसवलेलं मंत्रिमंडळ होतं. तेही रोखीनं नाही, उसनवारीवर. सहा महिन्यांची मुदत, तारण काही नाही.

धुळवड ते गुढीपाडवा

मागचं थोडं सांगायला हवं. २०१८ च्या निवडणुकीत २३० जागांच्या विधानसभेत काँग्रेसला ११४ आणि भाजपला १०९ मिळाल्या. बहुमताला ११६ लागतात. बसपाचे दोन, सपाचा एक आणि चार अपक्ष असे सात जण जोडून कमलनाथांनी १७ डिसेंबरला सरकार बनवलं. नाताळच्या दिवशी २८ मंत्र्यांना शपथ दिली आणि सगळ्यांना कॅबिनेट दर्जा दिला, राज्यमंत्री एकही नाही. बहुमत काठावर असलं की मुख्यमंत्र्याला कोणालाही धाकटं ठरवून चालत नाही, एवढं त्यावरून कळावं. इंदूर जिल्ह्याच्या वाट्याला दोन वजनदार खाती आली. राऊचे जितू पटवारी उच्च शिक्षणमंत्री झाले आणि सांवेरचे तुलसी सिलावट आरोग्यमंत्री. सिलावट हे ज्योतिरादित्य शिंद्यांचे माणूस, हे इंदुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

१० मार्च २०२० ला धुळवड होती, आणि माधवराव शिंद्यांची पंचाहत्तरावी जयंतीही. त्या दिवशी ज्योतिरादित्यांचा काँग्रेसचा राजीनामा जाहीर झाला, आणि बंगळुरूला जाऊन बसलेल्या त्यांच्या गटासह एकूण २२ आमदारांनी आमदारकीचे राजीनामे दिले. त्यात सहा मंत्री होते: तुलसी सिलावट, गोविंद सिंह राजपूत, इमरती देवी, प्रद्युम्न सिंह तोमर, महेंद्र सिंह सिसोदिया आणि डॉ. प्रभुराम चौधरी. कोरोना देशाच्या दाराशी आलेला, आणि राज्याचा आरोग्यमंत्री दुसऱ्या राज्यातल्या रिसॉर्टवर. मुख्यमंत्र्यांच्या शिफारशीवरून राज्यपाल लालजी टंडन यांनी त्या सहा जणांना मंत्रिपदावरून दूर केलं. १४ मार्चला विधानसभा अध्यक्ष एन. पी. प्रजापती यांनी त्यांचे आमदारकीचे राजीनामेही मंजूर केले. इंदुरात तो रंगपंचमीचा दिवस होता. राजवाड्यासमोरची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, कोरोनामुळे रद्द झालेली, त्यामुळे लोक घरात टीव्हीसमोर होते आणि राजीनाम्यांची मोजणी बघत होते. गेर नसलेली रंगपंचमी मी त्याआधी पाहिली नव्हती.

तारखांमध्ये मुलं अडकतात, म्हणून मी तिथे घाई करतो. १६ मार्चला अधिवेशन भरलं, राज्यपालांचं भाषण मिनिटभरात आटोपलं आणि कोरोनाचं कारण देऊन सभागृह २६ मार्चपर्यंत तहकूब झालं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९ तारखेला न्यायालयानं दुसऱ्याच दिवशी बहुमत चाचणी घ्यायला सांगितलं. २० मार्चला चाचणीआधीच कमलनाथांनी राजीनामा दिला. आकडा उघड होता. दोन जागा आधीच रिकाम्या होत्या, त्यात हे २२ गेले, म्हणजे सभागृह उरलं २०६ चं. बहुमत १०४ वर आलं आणि भाजपकडे १०७ होते. पंधरा महिन्यांचं सरकार कुणीही विरोधात मत न देता गेलं.

२३ ला शपथ, २४ ला काँग्रेसच्या गैरहजेरीत आवाजी मतदानानं विश्वासदर्शक ठराव, त्याच रात्री देशभर टाळेबंदीची घोषणा. २५ तारखेला गुढीपाडवा. सकाळी आमच्या बाल्कनीत गुढी उभारताना फोनवर बातमी आली की इंदुरात कोरोनाचे पहिले रुग्ण सापडलेत. दुपारपर्यंत शहरात कर्फ्यू. श्रीखंडाचा डबा आणायला गेलेला शेजारचा मुलगा हात हलवत परत आला.

एकट्याचं मंत्रिमंडळ

कलम १६३ म्हणतं की राज्यपालाला सल्ला द्यायला मुख्यमंत्र्याच्या नेतृत्वाखाली मंत्रिमंडळ असेल. कलम १६४ मध्ये २००३ सालच्या ९१ व्या घटनादुरुस्तीनं पोटकलम (१क) घातलं. सभागृहाच्या पंधरा टक्क्यांहून जास्त मंत्री नकोत, आणि मुख्यमंत्री धरून बारापेक्षा कमीही नकोत. पंधरा टक्क्यांची मर्यादा का आली हे सगळ्यांना माहीत असतं, जम्बो मंत्रिमंडळांना आळा घालायला. बाराची खालची मर्यादा मात्र लहान राज्यांसाठी आहे, त्यांना पंधरा टक्क्यांत चार-सहाच मंत्री मिळाले असते. म्हणून मोठ्या राज्यात कोणी मुद्दाम बाराच्या खाली राहील, असं ती दुरुस्ती लिहिणाऱ्यांच्या मनातही आलं नसावं. बारा कधीपर्यंत व्हायला हवेत, नाही झाले तर काय, याबद्दल कलम गप्प आहे. तेव्हा काँग्रेसचे खासदार असलेल्या विवेक तन्खा आणि कपिल सिब्बल यांनी राष्ट्रपतींना पत्र लिहून हा मुद्दा उठवला. पत्राचं पुढे काही झालं नाही.

हे मध्य प्रदेशातच झालं असंही नाही. २०१९ च्या जुलैत कर्नाटकात येदियुरप्पांनी एकट्यानं शपथ घेतली आणि २५ दिवसांनी मंत्री घेतले. २०२२ साली महाराष्ट्रात एकनाथ शिंदे आणि देवेंद्र फडणवीस या दोघांनी ३० जूनपासून ९ ऑगस्टपर्यंत राज्य चालवलं. तेव्हा पुण्याची आमची मामेबहीण फोनवर चिडचिड करत होती. तिला म्हटलं, "ताई, तुमच्याकडे निदान दोघं तरी आहेत."

पण कर्नाटकात आणि महाराष्ट्रात तेव्हा महासाथीचा पहिला महिना नव्हता. इथे होता. मंत्री नसला तरी खातं बंद पडत नाही. जे खातं कुणाला दिलेलं नाही ते मुख्यमंत्र्याकडे असतं. नोटशीट खालून वर जाते, सचिवाच्या टेबलावरून मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयात जाते आणि परत येते. कागदोपत्री अडचण शून्य. अडचण वेगळीच होती. आरोग्य विभागाच्याच वरिष्ठ अधिकाऱ्यांना भोपाळमध्ये लागण झाली, आणि त्यांच्या जागी जाब विचारायला, जाब द्यायला राजकीय माणूस कोणी नव्हता. १ एप्रिलला इंदूरच्या टाटपट्टी बाखलमध्ये तपासणीला गेलेल्या आरोग्य पथकावर दगडफेक झाली. देशभर ते चित्र फिरलं. त्या दिवशी इंदूरकरांनी ज्यांची नावं घेतली ते कलेक्टर आणि पोलीस अधिकारी होते. आरोग्यमंत्री कोण, असा प्रश्नच कोणाच्या तोंडी आला नाही. मला विचाराल तर यातली खटकणारी गोष्ट हीच. मंत्री नाही याचा राग असता तर ठीक होतं, पण त्याची उणीवच भासली नाही.

एप्रिलच्या मध्यात भाजपनं कोरोनासाठी टास्क फोर्स नेमला. तो सरकारचा नव्हता, पक्षाचा होता. २० एप्रिलला केंद्रीय गृह मंत्रालयानं इंदूर, मुंबई, पुणे, जयपूर, कोलकाता इथली स्थिती विशेष गंभीर असल्याचं सांगून पथकं रवाना केली. इंदुरातले रुग्ण तेव्हा नऊशेच्या आसपास पोचले होते. दुसऱ्या दिवशी, २१ तारखेला, राजभवनात पाच मंत्र्यांचा शपथविधी झाला.

पाचच का?

हा प्रश्न मी मुलांना गटात सोडवायला देतो, आणि उत्तरं ऐकण्यासारखी असतात. टाळेबंदी होती म्हणून, असं निम्मी मुलं म्हणतात. टाळेबंदीत पाच जणांना शपथ देता येते तर अकरा जणांनाही देता आली असती. हॉल तोच, खुर्च्या थोड्या लांब. मग पाच का?

नावं बघा. नरोत्तम मिश्र, दतियाचे, ब्राह्मण. कमल पटेल, हरद्याचे, मागासवर्गीय. मीना सिंह, उमरिया जिल्ह्यातल्या, आदिवासी आणि महिला. तुलसी सिलावट, इंदूर जिल्ह्यातले, अनुसूचित जाती. गोविंद सिंह राजपूत, सागर जिल्ह्यातले, ठाकूर. प्रदेश आणि जातीचा एकेक खण भरलेला, दुसरं नाव कुठेच नाही. पाचांतले दोघे ज्योतिरादित्य शिंद्यांचे, तीन जुने भाजपचे. गोपाल भार्गव कमलनाथ सरकारच्या काळात विरोधी पक्षनेते होते, तेही नाहीत. यादी इतकी आखूड असली की बाहेर राहिलेल्या प्रत्येकाला सांगता येतं, "अजून यादी पुरी कुठे झालीय?" अकरा जण घेतले असते तर बाराव्याला हे सांगता आलं नसतं. लग्नात मानपानाची भांडणं नकोत म्हणून साखरपुडा घरच्या घरी उरकतात ना, तसं.

खाती वाटली गेली तेव्हा गृह आणि आरोग्य नरोत्तम मिश्रांकडे गेलं. सहा आठवड्यांपूर्वीपर्यंत राज्याचे आरोग्यमंत्री असलेले सिलावट जलसंसाधन मंत्री झाले. पाच मंत्र्यांना राज्यातले महसुली विभागही वाटून दिले, त्यात सिलावटांकडे इंदूर आणि सागर आले. म्हणजे फिरून इंदूरच्या कोरोनाची देखरेख त्यांच्याच गळ्यात आली, फक्त खातं नदी-धरणांचं. यावर आमच्या कट्ट्यावर, म्हणजे तेव्हाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, "भिया, पानी से हाथ धोना है ना" असा विनोद फिरला.

सारं प्रकरण ज्या बिजागरीवर फिरतं ते

आता कायद्याचा खरा मुद्दा. सिलावट आणि राजपूत २१ एप्रिलला आमदार नव्हते, तरी मंत्री कसे झाले? कलम १६४(४) मुळे. सभागृहाचा सदस्य नसलेला माणूस सहा महिने मंत्री राहू शकतो, तेवढ्यात निवडून आला नाही तर पद जातं. ही सवलत मुळात बाहेरचा एखादा जाणता माणूस आत आणायला आहे. सभागृहातून स्वतःहून बाहेर पडलेल्याला परत आत घ्यायला ती वापरता येईल, हे कलमाच्या शब्दांत बसतं. त्याच्या हेतूत बसतं का, यावर वर्गात दर वर्षी भांडण होतं.

१९६७ साली ही कसरत लागत नव्हती. ज्योतिरादित्यांच्या आजी राजमाता विजयाराजे शिंदे यांनी द्वारकाप्रसाद मिश्रांचं काँग्रेस सरकार पाडलं तेव्हा ३६ काँग्रेस आमदार सरळ बाकं ओलांडून पलीकडे बसले आणि गोविंद नारायण सिंह मुख्यमंत्री झाले. ते संयुक्त विधायक दलाचं सरकार वीसेक महिने चाललं. शेवटी सारंगढचे आदिवासी राजे नरेशचंद्र सिंह १३ मार्च १९६९ ला मुख्यमंत्री झाले आणि २५ मार्चपर्यंतच टिकले. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर बाकं ओलांडली की आमदारकी जाते. म्हणून आता आधी राजीनामा, मग मंत्रिपद, मग पोटनिवडणूक. वाट लांबली, पण घर तेच.

या वाटेत एक फाटक आहे, आणि ते फारसं कोणी पाहत नाही. कलम १६४(१ख), तेही ९१ व्या दुरुस्तीतलंच. पक्षांतराखाली अपात्र ठरलेला आमदार पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्री होऊ शकत नाही. राजीनामा दिलेला होऊ शकतो. कर्नाटकात २०१९ साली अध्यक्षांनी १७ आमदारांना अपात्र ठरवलं, सर्वोच्च न्यायालयानं ती अपात्रता कायम ठेवली, म्हणून त्या मंडळींना डिसेंबरची पोटनिवडणूक जिंकल्यावर, २०२० च्या फेब्रुवारीत मंत्रिपदं मिळाली. मध्य प्रदेशात अध्यक्षांनी राजीनामे मंजूर केले, म्हणून फाटक उघडं राहिलं. १४ मार्चच्या त्या मंजुरीमागचा काँग्रेसचा विचार समजण्यासारखा आहे: सहा मंत्र्यांना ताबडतोब बाहेर काढायचं आणि बाकी सोळांना परत यायला जागा ठेवायची. पण राजीनामा मंजूर करणं म्हणजे शिक्षेतून सुटका देणं, हे त्या घाईत कोणी बोललं नाही. अपात्रतेची कारवाई झाली असती तर ती न्यायालयात टिकली असती का, हा वेगळा वाद. टिकली असती, तर २१ एप्रिलच्या यादीत इंदूरचं नाव नसतं.

उधारी वाढते

जूनमध्ये ज्योतिरादित्य शिंदे राज्यसभेवर गेले आणि २ जुलैला मोठा विस्तार झाला. लालजी टंडन आजारी असल्यानं शपथ दिली ती प्रभारी राज्यपाल आनंदीबेन पटेल यांनी. २० कॅबिनेट, ८ राज्यमंत्री. त्यात बारा जण आमदारकी सोडून आलेले. आधीचे दोन धरून चौदा. चौतीस जणांच्या मंत्रिमंडळात चौदा म्हणजे पाचांत दोन. खातेवाटपाला आणखी अकरा दिवस लागले. आरोग्य डॉ. प्रभुराम चौधरींकडे गेलं, म्हणजे आरोग्यमंत्री पुन्हा बदलला, मधला रिकामा काळ वेगळा.

इंदुरात या विस्तारानं जास्त दुखावले ते जुने भाजपवाले. महूच्या उषा ठाकूर मंत्री झाल्या. रमेश मेंदोला, जे २०१८ साली सत्तर हजारांहून अधिक मतांनी जिंकले होते, बाहेर राहिले. सांवेरमध्ये तर आणखी मजेशीर गुंता होता. २०१८ मध्ये सिलावटांनी भाजपच्या डॉ. राजेश सोनकरांना २,९४५ मतांनी हरवलं होतं. आता सोनकरांनी त्याच सिलावटांसाठी मतं मागायची होती. त्यांना पक्षाचं इंदूर ग्रामीणचं जिल्हाध्यक्षपद मिळालं. काँग्रेसनं उभे केले ते प्रेमचंद गुड्डू, जे २०१८ च्या निवडणुकीच्या तोंडावर भाजपमध्ये गेले होते आणि नुकतेच परतले होते. म्हणजे काँग्रेसमधून भाजपमध्ये आलेला एक आणि भाजपमधून काँग्रेसमध्ये आलेला एक. "गद्दार" हा शब्द दोन्ही बाजूंनी सारख्याच जोरात वापरला गेला.

पोटनिवडणूक कोरोनामुळे लांबली आणि सहा महिन्यांची मुदत आधी संपली. २१ ऑक्टोबरच्या उंबरठ्यावर सिलावट आणि राजपूत यांनी मंत्रिपदाचे राजीनामे दिले. एक दिवस राजीनामा आणि दुसऱ्या दिवशी नवी शपथ, असं का केलं नाही, हे कुणीतरी विचारतंच. पंजाबात ते करून झालंय. तेजप्रकाश सिंह यांना निवडून न येता दुसऱ्यांदा मंत्री केलं, तेव्हा एस. आर. चौधरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००१ साली सांगितलं की त्याच विधानसभेच्या काळात ही सवलत एकदाच. बाकीच्या बारांची मुदत जानेवारीपर्यंत होती, ते मंत्री म्हणूनच प्रचाराला गेले.

३ नोव्हेंबरला तोवर रिकाम्या झालेल्या २८ जागांचं मतदान झालं. भाजपला बहुमतासाठी यातल्या आठच हव्या होत्या, मिळाल्या १९. सांवेरमध्ये सिलावट ५३,२६४ मतांनी जिंकले. ज्या ग्वाल्हेरसाठी हे सगळं झालं म्हणतात, त्या जिल्ह्यात मात्र तीनपैकी दोन जागा, ग्वाल्हेर पूर्व आणि डबरा, काँग्रेसनं घेतल्या. बारा मंत्र्यांतले तिघे पडले: डबऱ्याच्या इमरती देवी, दिमनीचे गिर्राज दंडोतिया, सुमावलीचे ऐदल सिंह कंसाना. तिघेही ग्वाल्हेर-चंबळचेच. मालव्यात पक्षसंघटनेनं नव्या पाहुण्याला आपलं मानून घेतलं आणि चंबळच्या बाजूला तेवढं मानलं नाही, असा माझा अर्थ. सांवेरमध्ये सोनकरांची सोय आधी लावली होती, हे त्यात महत्त्वाचं.

३ जानेवारी २०२१ ला सिलावट आणि राजपूत यांनी पुन्हा शपथ घेतली, आता आमदार म्हणून. सिलावटांकडे जलसंसाधन परत आलं. सोनकरांना २०२३ साली शेजारच्या सोनकच्छमधून उमेदवारी मिळाली. तिथे त्यांनी कमलनाथ सरकारात मंत्री राहिलेल्या सज्जन सिंह वर्मांना हरवलं.

मागच्या बॅचमधल्या एका मुलीनं फळ्यावरची तारखांची ओळ बघून विचारलं, "सर, परीक्षेत असं आलं की २५ मार्च २०२० ला मध्य प्रदेशचा आरोग्यमंत्री कोण, तर उत्तर काय लिहायचं?" मी म्हटलं, मुख्यमंत्री लिही, खातं त्यांच्याकडे होतं, मार्क मिळतील. तिनं ते वहीत लिहून घेतलं आणि पुढे कंसात प्रश्नचिन्ह काढलं.